तंटाचाचांनी दोन राष्ट्राध्यक्षांना काढलेली नोटीस

तंटाचाचांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर पसरला, की समोरची माणसं भांडता भांडता थांबायची. रुमाल मोठा, चौकड्यांचा, कडेला विरलेला. चाचा एकमेकांना शिव्या देणाऱ्या दोघांच्या मधे जायचे आणि म्हणायचे, "हात द्या इकडं. दोघंबी. जल्दी." मग त्या दोघांचे हात रुमालाखाली जायचे. वरून पाहणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसायचं. थोड्या वेळाने चाचा रुमाल झटकून खांद्यावर टाकायचे आणि सांगायचे, "मिटलं. जावा घरी." कोण किती मागे सरकलं, हे गावाला कधीच कळायचं नाही.

चाचा मूळचे बैलबाजारातले दलाल. जुन्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे आणि सौदा ठरायचा. पुढे बैलच कमी झाले, भाव मोबाइलवर कळायला लागले, चाचांचा धंदा बसला. पण हाताची सवय गेली नाही. गावात तंटामुक्ती समिती झाली तेव्हा लोकांनी त्यांना अध्यक्ष केलं. समिती कागदावर केव्हाच थंडावली. चाचा अध्यक्ष राहिले ते राहिलेच. त्यांचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा दोनदा विचारून घ्यावं लागे.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की, रुमाल कशाला लागतो, समोरासमोर बोलून मिटवता येत नाही का. चाचा म्हणाले, "बेटा, चार लोकांत माणूस एक आकडा बोलला, की तो आकडा त्याच्या गळ्यात पडला. मंग त्याला खाली येता येत न्हाई. लोक बघून राह्यले ना! कापडाखाली तो खाली येतो, अन् इज्जत वरच ऱ्हाते." आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात वाटाघाटींवर एक धडा आहे. तो मी नंतर वाचला. धडा मोठा आहे, पण त्यात रुमाल नाही.

चाचांचा दुसरा नियम गावातल्या तरण्या पोरांना आवडायचा नाही. भांडण कुणी सुरू केलं, हे ते विचारत नसत. ते विचारायचे, "वाढवलं कोणी?" एकदा बसस्टँडवर दोन पोरांची मारामारी झाली आणि एकाचा हात मोडला. हॉटेलच्या बाकड्यावर बसून तिसरा एक जण चहा पिता पिता ओरडत होता, "सोडू नको त्याला! घाल अजून एक!" चाचांनी दोघा मारामारी करणाऱ्यांना रुमालाखाली मिटवून घरी पाठवलं आणि त्या तिसऱ्याला धरलं. हात बरा होईपर्यंत त्या पोराच्या घरची म्हैस तू पिळायची, असा निकाल दिला.

तो म्हणाला, "चाचा, मी तर बोटबी लावलं न्हाई!"

"तेच तर. हात त्याचा, डोकं तुझं. त्याचा हात मोडला. तुझं काय मोडलं?"

म्हशीने त्याला पहिल्याच दिवशी लाथ मारली. चाचा म्हणाले, आता बराबर झालं.

हे सगळं सांगायचं कारण माझा भाऊ संतोष. तो आधी जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात होता. वडील मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे घर त्याच्यावर होतं. मला कॉलेजात घालायचं त्यानेच ठरवलं आणि इमारतींच्या सळया बांधायच्या कामावर परदेशी गेला. तो ज्या देशात गेला त्याचं नाव गावात कुणाला नीट म्हणता यायचं नाही. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तो देश खाली होता आणि त्याच्याशी लढणारा देश वर. म्हणून त्या देशांच्या राष्ट्राध्यक्षांना सगळे 'वरचा' आणि 'खालचा' म्हणायला लागले. संतोष खालच्याच्या देशात इमारती बांधत होता आणि वरचा त्या पाडत होता.

लढाई एकदम मोठी झाली नाही. आधी सीमेवर काहीतरी झालं. मग वरचा म्हणाला, उत्तर देऊ. खालचा म्हणाला, दुप्पट उत्तर देऊ. दोघांच्याही देशात, आणि आपल्या टीव्हीवरही, कोण बरोबर यावर रोज आरडाओरडा चालायचा. कोणी म्हणे वरच्याला हे करणं भागच होतं, कोणी म्हणे खालच्याने मुद्दाम ओढवून घेतलं. तेवढ्यात तिथला विमानतळ बंद झाला आणि संतोष अडकला. तो फोन करायचा तेव्हा मागून आवाज यायचे. आई विचारायची, "कशाचा आवाज हाये रं?" तो सांगायचा, "काम चालू हाये." सुट्टीच्या दिवशीही काम चालूच असायचं.

एके सकाळी आई पदर खोचून तडक चाचांच्या घरी गेली. मी मागोमाग गेले. चाचा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. आई दारातूनच म्हणाली, "चाचा, साऱ्या गावाचे तंटे मिटवता. हा तंटा का मिटवत न्हाई? माझं लेकरू तिथं अडकलंय, अन् तुम्ही कोंबड्या राखून राह्यले!"

आई रागाने बोलली होती. तिला स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्याने तिला धीर दिला असता, पाणी दिलं असतं. चाचांनी उरलेले दाणे एकदम खाली ओतले आणि म्हणाले, "बराबर हाये तुमचं, शांताबाई. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

आतून चाची म्हणाल्या, "अजी, डोकं ठिकानपर है ना?" पण तोवर चाचा चप्पल घालून ग्रामपंचायतीकडे निघाले होते.

ग्रामसेवक तसे सभ्य गृहस्थ. त्यांनी चाचांना खुर्ची दिली आणि समजावलं, "चाचा, परदेशी राष्ट्राध्यक्षाला आपल्या समितीची नोटीस देता येत नाही. हद्दीचा प्रश्न येतो."

"आपला संतोष त्यांच्या तंट्यात अडकला का न्हाई?"

"अडकला."

"मंग तंटा आपल्या हद्दीत आला."

ग्रामसेवकांनी बराच वेळ विचार केला आणि शिक्का मिळणार नाही, एवढंच सांगितलं. चाचा म्हणाले, शिक्क्याचं काही न्हाई, माणूस आला पाहिजे. नोटीस मला लिहायला लावली. मी घाबरत घाबरत म्हणाले, "चाचा, युद्धाला कारणं असतात. ऐतिहासिक असतात, आर्थिक असतात. एकट्यादुकट्या माणसाला जबाबदार धरता येत नाही, असं आमचे सर सांगतात."

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही कारणं बोलावली तर येतील का?"

"कारणं कशी येतील?"

"मंग जे येऊ शकतात त्यांची नावं लिही."

मी लिहिली. गावचे कोतवाल भीमाकाका नोटीस हातात घेऊन उभे राहिले. "पत्ता काय, चाचा?"

"राष्ट्राध्यक्ष, मुक्काम राजधानी."

"अन् घरी न्हाई सापडला तर?"

"दारावर डकवायची. कायदा हाये."

"कोणाच्या दारावर?"

"आपल्याच. त्यांचं दार कुठं धुंडीत बसतो?"

अशा रीतीने दोन देशांच्या प्रमुखांना आमच्या ग्रामपंचायतीच्या दारावर नोटीस बजावण्यात आली. भीमाकाकांनी दवंडीही दिली. सुनावणीच्या दिवशी लिंबाखाली गाव लोटलं. केदारखेड्याहूनही माणसं आली होती. हसनाबादचा एक भजीवाला गाडा घेऊन आला, आणि मला वाटतं त्या लढाईत आमच्या तालुक्यात फायदा झालेला तो एकटाच.

पक्षकार हजर नसेल तर त्याच्या वतीने घरच्या माणसाने बसायचं आणि त्याच्यासारखंच बोलायचं, अशी चाचांची पद्धत होती. राष्ट्राध्यक्षांच्या घरचं कुणी आलं नव्हतं. चाचांनी गर्दीवर नजर फिरवली आणि वरच्यासाठी खंडूआप्पांना निवडलं. आप्पा ग्रामपंचायतीला दोनदा उभे राहून पडले होते, आणि आवाज इतका मोठा की माइक लाजेल. खालच्यासाठी त्यांचे व्याही दगडूबापू. बापूंची पिठाची गिरणी. माणूस गरीब, कमी बोलणारा. आप्पांची मुलगी बापूंच्या घरात दिलेली, दोघांचं येणंजाणं चांगलं. बाजूला उभं राहून हत्यारं पुरवणारा एक तिसरा नेताही होता. त्याच्यासाठी चाचांनी खताच्या दुकानदाराला निरोप धाडला होता, पण तो दुकानाला कुलूप लावून पाहुण्यांच्या गावी निघून गेला.

"एक मिनिट," म्हणून आप्पा घरी गेले आणि काळा गॉगल व लग्नातलं जाकीट घालून आले. बापू गिरणीतून आले तसेच पिठाने पांढरे होते.

माझं काम वाचून दाखवायचं होतं. वरचा आधी काय बोलला, खालचा त्यावर काय बोलला, मग कुणी काय केलं, असं मी वर्तमानपत्रांतून जमवलं होतं. मी एक एक वाचायचे आणि चाचा हात वर करून मला थांबवायचे. गर्दीला विचारायचे, "इथं थांबता आलं असतं का?"

गर्दी म्हणायची, "आलं असतं!"

मी पुढचं वाचायचे. "इथं?"

"इथंबी आलं असतं!"

असं बराच वेळ चाललं. सुरुवातीला लोक हसत होते. हळूहळू हसणं कमी झालं. मला वाचताना पहिल्यांदाच जाणवलं की, थांबायच्या जागा इतक्या होत्या. पुस्तकात त्या एका परिच्छेदात संपतात.

चाचांनी आप्पांना विचारलं, "का न्हाई थांबले?"

आप्पा गॉगल सावरून म्हणाले, "थांबलो असतो तर लोक काय म्हणले असते?"

"कोणते लोक?"

"मतं देणारे."

मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, तुम्हाला कुठं देतात!" सगळे हसले. आप्पा चिडले आणि त्या चिडीत जास्तच राष्ट्राध्यक्ष झाले. बाकड्यावर मूठ आपटून म्हणाले, "आता माघार न्हाई! आता मागं हटलो, तर आमची जी माणसं मेली ती फुकट मेली म्हणायची का?"

गर्दीतून टाळ्या पडल्या. खरोखरच पडल्या. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माझी आई उठली. ती माणसांपुढे कधी बोलत नाही. ती म्हणाली, "म्हंजी मेलेले फुकट जाऊ नयेत म्हणून अजून मारायचे? माझा संतोषबी त्याच्यातच धरला का, आप्पा?"

टाळ्या थांबल्या. आप्पांनी गॉगल काढला. "मी न्हाई म्हणलो माय. तो म्हणला."

तिथेच सुनावणी संपली असती तर बरं झालं असतं. पण चाचांना काम अर्धं सोडायची सवय नव्हती. त्यांनी रुमाल पसरला आणि दोन्ही राष्ट्राध्यक्षांचे हात खाली घ्यायला लावले. एक बोट म्हणजे एक पाऊल मागे. कापड हललं. सगळं गाव पुढे सरकून, माना लांबवून पाहत होतं. काही पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. आप्पांनी गॉगल पुन्हा चढवला होता. तो गॉगल, ती गर्दी, मघाच्या टाळ्या यांनी त्यांना काय झालं कोण जाणे. एकाएकी त्यांनी बापूंचा हात धरून रुमालाबाहेर उंच केला आणि ओरडले, "हे बघा! तीन बोटं दाबली ह्यानं! खालचा हटला! आम्ही जिंकलो!"

रुमालाखालची बोटं कुणी उघडी केली, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. बाजारातही नाही. अर्धं गाव वेड्यासारखं ओरडायला लागलं. बापूंचा हात हवेत होता, तीन बोटं तशीच पुढे. ते कुणाकडे न पाहता हात सोडवून गिरणीत गेले आणि रिकामी गिरणी सुरू करून बसले.

चाचांनी निकाल मात्र दिला. दोन्ही राष्ट्राध्यक्ष तंटा वाढवल्याबद्दल दोषी. शिक्षा नेहमीचीच: संतोष परत येईपर्यंत त्याच्या घरची कामं दोघांनी करायची. राष्ट्राध्यक्ष हजर नसल्याने त्यांच्या वतीने बसलेल्यांनी करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या दारात हजर. "वरचा आलाय, माय. पाणी कुठून भरायचं?" पाठोपाठ बापू आले. ते शेळ्यांपुढे चारा टाकून गेले. दोघे एकमेकांकडे पाहत नव्हते. आप्पांनी तो चारा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट आणला. बापूंनी त्याच्या दुप्पट आणला. त्यावर आप्पांनी ट्रॉलीच आणून रिकामी केली. आमच्याकडे शेळ्या दोन. आठवडाभरात अंगणात चाऱ्याचे दोन ढीग झाले आणि मधून घरात अंग चोरून जावं लागे. आई हात जोडून म्हणाली, "बाबांनो, गुन्हेगार तुम्ही हायेत, शेळ्यांचं पोट का फोडता?" आप्पा म्हणाले, "आधी त्याला थांबायला सांगा." बापू मला म्हणाले, "आधी त्याला सांग."

इतकं होऊनही एक गोष्ट मला कबूल करावी लागेल. त्या दिवसांत आई पहिल्यांदा हसली. संतोषचा फोन आला की ती त्याला सांगायची, "आज वरच्यानं हौद धुतला." तो मग मला फोन द्यायला लावून विचारायचा, "मने, आईची तब्येत बरी हाये ना?"

व्याह्यांचं वैर मात्र खरंखुरं झालं. आप्पांच्या मुलीचं माहेरी येणं बंद झालं. गावातला तंटा मिटवायच्या समितीने गावात तंटा लावला, असं लोक चाचांच्या तोंडावर म्हणायला लागले. चाचा रुमाल घेऊन दोघांच्या घरी गेले. बापू म्हणाले, "चाचा, त्या रुमालाखाली मी आता हात घालणार न्हाई."

ते ऐकून चाचा घरी गेले आणि दोन दिवस बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भीमाकाकांना पुन्हा दवंडी द्यायला लावली. लिंबाखाली माणसं जमल्यावर ते स्वतः आरोपीच्या जागी बसले. समोरची दुसऱ्या पक्षकाराची जागा रिकामीच होती.

"वाढवलं कोणी?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं. "मी. कापडाखालची गोष्ट मी मैदानात आणली. हजार माणसं बोलावली, भज्याचा गाडा आला, तवा मला मजा वाटली. आप्पाचं चुकलं, पण त्याला मैदान मी दिलं. मी अध्यक्ष होतो." मग थोडं थांबून म्हणाले, "दोषी हाये. शिक्षा तीच."

लोक गडबडले. हसावं की काय करावं, कळेना. इतक्या दिवसांत टीव्हीवर मी दोन्ही बाजूंचे पुढारी, त्यांचे प्रवक्ते, सेनापती ऐकले होते. 'मी' हा शब्द ते बऱ्याचदा वापरायचे, पण असा नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाचाही आमच्याकडे कामाला यायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कंबर धरून झाडायचा. आई म्हणायची, "चाचा, तुम्ही नका." चाचा म्हणायचे, "शांताबाई, मी शिक्षा भोगून राह्यलो. मधात बोलू नका." मग आप्पा त्यांच्या हातातून झाडू ओढायचे, बापू बादली ओढायचे. तिघे गुन्हेगार एका अंगणात, आणि त्यातले दोघे एकमेकांशी अबोला धरून.

पुढे तिकडे लढाई थांबली. वरच्याने सांगितलं, आम्ही जिंकलो. खालच्याने सांगितलं, आम्ही जिंकलो. चाचा हॉटेलातल्या टीव्हीसमोर उभे राहून म्हणाले, "मंग मिटलं न्हाई. मिटलं म्हंजी दोघंबी थोडं थोडं हारतात." विमानतळ उघडला आणि संतोष आला. अंगाने वाळला होता. ट्रॅक्टर सुरू झाला तरी दचकायचा. त्याच दिवशी चाचा घरी आले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"संतोष, त्या दोघांच्या वतीनं मी माफी मागतो."

संतोषने माझ्याकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "कोणीतरी मागाया पाहिजे ना बेटा. ते कामात हायेत."

संतोष चपलेच्या अंगठ्याशी खेळायला लागला. मग म्हणाला, "माझी कशाला मागता, चाचा? मी आलो ना. माझ्या शेजारच्या खाटंवर झोपायचा तो राजू न्हाई आला. बिहारचा होता. सळई आणाया वरच्या मजल्यावर गेल्ता, तवाच बॉम्ब पडला. एकटी म्हातारी हाये त्याची."

चाचांनी फक्त विचारलं, "गाव कोणतं?"

आम्ही सगळ्यांनी समजावलं. चाची रडल्या, रागावल्या. चाचा म्हणाले, निकाल एका घरापुरता नव्हता. जालन्याहून मनमाड, तिथून पुढची गाडी, असं संतोषने ठरवून दिलं. मी त्यांना सोडायला जालन्याला स्टेशनवर गेले. गाडी यायला वेळ होता. चाचा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, तेवढ्यात जिन्यावरून आप्पा धापा टाकत आले. हातात कपड्यांची पिशवी. गॉगल नव्हता.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"एक राष्ट्राध्यक्ष तरी सोबत पाहिजे ना," आप्पा म्हणाले आणि नजर चुकवून उभे राहिले.

गाडी आली. गर्दीतून चाचांना डब्यात चढवलं, तर आत दगडूबापू तीन जणांची जागा धरून बसलेले. गाडी परतूरकडून आली होती. बापू आदल्या दिवशीच परतूरला बहिणीकडे जाऊन तिथून बसले होते. केवळ जागा मिळावी म्हणून. आप्पा दारात थबकले. मग म्हणाले, "खिडकी कोणाची?"

बापू म्हणाले, "तुझ्या बापाची. बस गुमान."

कित्येक महिन्यांनंतर दोघे एकमेकांशी बोलत होते. गाडी हलली, आणि मला चाचांचा फक्त हात दिसला.

ते तिघे बिहारहून परत आले. मी चाचांना दोनदा विचारलं. एका दुपारी त्यांनी आपणहून सांगितलं. गाव नदीकाठचं होतं. म्हातारीने तिघांना ओसरीवर बसवलं. चाचांनी सांगितलं की आम्ही माफी मागायला आलो. तिला नीट कळलं नाही. तिने तिघांची तोंडं पाहिली आणि विचारलं, "उन लोगों ने भेजा है आपको? जिनकी लड़ाई थी?"

"मंग?" मी विचारलं.

"मी आजवर बैठकीत बसून कधी खोटं बोललो न्हाई, बेटा." चाचा जमिनीकडे पाहत होते. "मी म्हणलो, हां अम्मा, उन्होंनेच भेजा."

"मग ती काय म्हणाली?"

"काय न्हाई. पदरानं डोळे पुसले. चूल पेटवली. जेवल्याबिगर जाऊ दिलं न्हाई."

चाचा त्याच हिवाळ्यात गेले. छातीत कळ आली, भोकरदनच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्यांना कब्रस्तानात नेलं तेव्हा खांद्याला संतोष होता, आप्पा होते, बापू होते. आई आणि मी भिंतीबाहेर रस्त्यावर उभ्या होतो. माती देऊन माणसं बाहेर पडायला लागली. आप्पा माझ्याजवळ थांबले. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"मने, तू शिकलेली हायेस. तिथं त्या म्हातारीपाशी चाचा जे खोटं बोलले, ते वर त्यांच्या नावावर लिहितील का गं?"

"मला नाही माहीत, आप्पा," मी म्हणाले.

बापू मागून आले. ते आप्पांना म्हणाले, "लिहितील तर तिघांच्या नावावर लिहितील. आपण तिथंच बसल्तो. आपण कुठं न्हाई म्हणलो?"

आप्पांनी मान हलवली. दोघांच्या हातांना ओली माती तशीच होती. आईने पलीकडच्या घरातून तांब्या मागून आणला आणि दोघांच्या हातांवर पाणी घातलं.